तिच्याच शब्दांत : डॉ. मीरा कोसंबी यांचे इतिहासकार्य

(शिक्षक, ग्रंथालय कार्यकर्ते आणि पंचायत सदस्य यांच्यापुढे केलेले भाषण)



महाराष्ट्राला समाजसुधारणेचा थोर वारसा लाभला आहे, हे वाक्य आपण व्यासपीठावरून वारंवार ऐकतो. ते खरेही आहे. महात्मा फुले, लोकहितवादी, न्यायमूर्ती रानडे, आगरकर, महर्षी कर्वे ही नावे शाळेतल्या मुलामुलींनाही पाठ असतात. स्त्रियांच्या शिक्षणासाठी आणि विधवांचे हाल कमी व्हावेत म्हणून या मंडळींनी जी झीज सोसली, तिचे मोल कमी लेखण्याचे काहीच कारण नाही. तथापि, आपण हा इतिहास ज्या वाक्यांत सांगतो त्या वाक्यांचे व्याकरण एकदा तपासून पाहावे. तिला शिकविले, तिला आश्रय दिला, तिचा पुनर्विवाह घडवून आणला. या वाक्यांत कर्ता पुरुष आहे आणि स्त्री सदैव कर्माच्या जागी आहे. तिने स्वतः काय केले, तिला काय वाटले, ती काय म्हणाली, हे प्रश्न विचारल्यावाचूनच धडा संपतो.

हे प्रश्न चिकाटीने विचारणाऱ्या आणि त्यांची उत्तरे मूळ मराठी कागदपत्रांतून शोधणाऱ्या अभ्यासकांमध्ये डॉ. मीरा कोसंबी यांचे स्थान फार वरचे आहे. त्यांच्या कार्याचा परिचय करून द्यावा आणि त्या कार्यातून आपल्यासारख्यांनी काय घ्यावे याचा विचार करावा, एवढाच आजच्या भाषणाचा हेतू आहे.

शहरांच्या अभ्यासातून स्त्रियांच्या इतिहासाकडे

मीराताईंचा जन्म २४ एप्रिल १९३९ चा. घराणे विद्वानांचे. आजोबा धर्मानंद कोसंबी गोव्यातील साखवाळचे. बौद्ध धर्माच्या आणि पाली वाङ्मयाच्या शोधात ते १८९९ च्या अखेरीस घर सोडून निघाले आणि पुढे त्या विषयातील थोर पंडित झाले. वडील दामोदर कोसंबी हे गणितज्ञ. भारतीय इतिहासलेखनाला त्यांनी नवी दिशा दिली, हे सर्वश्रुत आहे. अशा घरात जन्मलेल्या व्यक्तीला वारशाची सावली मोठी असते. मीराताईंनी आजोबांचे 'निवेदन' हे आत्मकथन आणि अन्य निवडक लेखन इंग्रजीत आणले, वडिलांविषयीही ग्रंथ संपादित केला. परंतु स्वतःच्या अभ्यासाचे क्षेत्र मात्र त्यांनी स्वतःच निवडले.

त्यांनी समाजशास्त्रातील डॉक्टरेट स्वीडनमधील स्टॉकहोम विद्यापीठातून मिळविली. त्यांचा पहिला मोठा ग्रंथ १९८० साली आला. १६५० ते १९०० या काळातील मुंबई व पुणे या दोन शहरांची सामाजिक घडण हा त्याचा विषय होता. पाठोपाठ १९८६ मध्ये १८८० ते १९८० या शंभर वर्षांतील मुंबईवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. कोणत्या जातिजमाती शहराच्या कोणत्या भागात वसल्या, बंदर, गिरण्या आणि लष्करी छावण्या यांनी वस्तीचे रूप कसे पालटले, याची ही मांडणी होती. वरवर पाहता स्त्रियांच्या इतिहासाशी याचा संबंध दिसत नाही. परंतु घर, गल्ली, पेठ यांचा नकाशा मांडणाऱ्याला एक गोष्ट ध्यानात आल्यावाचून राहत नाही. शहरात रस्ते सर्वांसाठी असले, तरी घराचा उंबरठा सर्वांना सारखा ओलांडता येत नव्हता. २००७ साली त्यांच्या स्त्रीवादी निबंधांचा जो इंग्रजी संग्रह निघाला, त्याच्या नावात उंबरठा ओलांडण्याचीच कल्पना आहे.

पुढे त्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या स्त्री-अभ्यास संशोधन केंद्राच्या संचालक झाल्या. १९७४ मध्ये स्थापन झालेले हे केंद्र देशातील या प्रकारचे पहिले. हे विद्यापीठ महर्षी कर्वे यांनी १९१६ मध्ये स्थापन केले. कर्व्यांनी १८९३ मध्ये ज्यांच्याशी पुनर्विवाह केला त्या गोदूबाई, म्हणजेच आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे, या पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक. त्यांनी 'माझे पुराण' हे आत्मचरित्र लिहिले. म्हणजे ज्या संस्थेत मीराताई काम करीत होत्या, तिच्या मुळाशीसुद्धा एका स्त्रीने दुसऱ्या स्त्रीला दिलेला आधार होता. कर्व्यांच्या चरित्रात हा धागा एका वाक्यात येतो. स्त्रियांच्या बाजूने इतिहास वाचू लागले की त्याच धाग्याचे पूर्ण प्रकरण होते.

पंडिता रमाबाईंचे पुनर्वाचन

मीराताईंच्या संशोधनाचा मोठा भाग पंडिता रमाबाईंना वाहिलेला आहे. रमाबाईंच्या वाट्याला महाराष्ट्रात विचित्र उपेक्षा आली. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी ज्यांना 'सरस्वती' म्हणून गौरविले, १८८२ मध्ये ज्यांनी पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी हंटर शिक्षण आयोगापुढे स्त्रीशिक्षिका व स्त्री-डॉक्टर यांची गरज मांडली, त्या विदुषीने १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि सुधारणेच्या इतिहासातून त्यांचे नाव हळूहळू मागे सरले. ख्रिस्ती लेखकांनी त्यांना जपले, परंतु भक्त आणि संत म्हणून. समाजव्यवस्थेला प्रश्न विचारणाऱ्या रमाबाई दोन्हीकडून दुरावल्या.

मीराताईंनी यावर एकच उपाय केला. रमाबाईंविषयी इतरांनी काय लिहिले हे बाजूला ठेवून रमाबाईंनी काय लिहिले ते वाचायचे. १८८२ चे 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक पाहिले तर त्यातील लेखिका स्त्रियांना ज्ञान मिळविण्याचा आणि स्वतःला सुधारण्याचा उपदेश करते. त्यात पारंपरिक पतिधर्माचा स्वरही आहे. अवघ्या पाच वर्षांनी, १८८७ मध्ये, फिलाडेल्फिया येथे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले. त्यात प्रश्न स्त्रीच्या अज्ञानाचा राहत नाही. तिला अज्ञानात ठेवणाऱ्या शास्त्राचा आणि रूढीचा होतो. पाच वर्षांतला हा प्रवास कोणा चरित्रकाराच्या गौरवोद्गारांतून कळत नाही, तो दोन पुस्तके शेजारी ठेवली म्हणजे दिसतो.

१८८६ ते १८८८ या काळात रमाबाई अमेरिकेत होत्या. परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले, पुढील वर्षी ते पुण्यास हलविले. १८८९ मध्येच त्यांनी अमेरिकेतील लोकस्थिती आणि आपला प्रवास यांविषयी मराठीत ग्रंथ लिहिला. त्या देशाची राज्यपद्धती, शाळा, वृत्तपत्रे, स्त्रियांच्या संघटना यांचे त्यात साक्षेपी वर्णन आहे. प्रशंसा भरपूर आहे, पण आंधळी नाही. त्या देशातील वर्णभेदाकडे आणि तेथील स्त्रियांना न मिळालेल्या हक्कांकडेही त्या बोट दाखवतात. पाश्चात्त्य प्रवाशांनी हिंदुस्थानाविषयी लिहावे आणि आपण ते वाचावे, असा तो काळ. अशा काळी एका मराठी स्त्रीने पश्चिमेचे निरीक्षण करून मराठी वाचकांसाठी अहवाल लिहिला, याचे महत्त्व मीराताईंनी ओळखले. त्यांनी रमाबाईंचे निवडक लेखन २००० मध्ये आणि हा अमेरिकाविषयक ग्रंथ २००३ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केला. जगातील अभ्यासकांना मराठी येत नाही म्हणून मराठी स्त्रीचा विचार जगाला अज्ञात राहू नये, हा या भाषांतरामागचा आग्रह होता.

कायद्याच्या वादातील मुलगी

आजच्या सभेत शासकीय अधिकारीही आहेत, म्हणून आणखी एका विषयाचा उल्लेख करतो. रखमाबाईंचा खटला आणि संमतिवयाचा कायदा यांवरही मीराताईंनी लिहिले आहे. रखमाबाईंचे लग्न वयाच्या अकराव्या वर्षी झाले होते. नांदावयास जाण्यास त्यांनी नकार दिल्यावर पती दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला. अपिलानंतर १८८७ मध्ये मात्र पतीकडे जा, अन्यथा सहा महिने कारावास भोगा, असा हुकूम झाला. त्यांनी कारावासाची तयारी दर्शविली. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटले आणि रखमाबाई पुढे लंडनला शिकून डॉक्टर झाल्या. १८९१ च्या संमतिवय कायद्याने मुलींची वयोमर्यादा दहावरून बारावर नेली, तेव्हा सबंध महाराष्ट्र वादाने ढवळून निघाला.

या वादांत शासन बोलले, न्यायाधीश बोलले, शास्त्री बोलले, संपादक बोलले. ज्या मुलीच्या आयुष्याचा प्रश्न होता तिचे बोलणे त्या गदारोळात क्वचितच ऐकू येते. रखमाबाईंनी १८८५ मध्ये 'एक हिंदू स्त्री' अशा सहीने वृत्तपत्रात पत्रे लिहिली म्हणून त्यांची बाजू आपल्याला कळते. कायदा कोणासाठी आहे, आणि तो करताना त्याला किंवा तिला विचारले काय, हा प्रश्न त्या खटल्याबरोबर संपला नाही. प्रशासनात काम करणाऱ्या प्रत्येकाने तो जवळ बाळगावा असा आहे.

जपणाऱ्या हातांची साखळी

आनंदीबाई जोशी यांची कथा आपण शाळेत सांगतो ती बहुधा अशी : गोपाळरावांनी हट्ट धरला आणि पत्नीला डॉक्टर केले. गोपाळरावांचा हट्ट खराच होता. परंतु आनंदीबाईंची पत्रे वाचली की चित्र अधिक गुंतागुंतीचे होते. लहान वयात पतीकडून सोसलेल्या माराची आठवण त्यांनी पतीलाच पत्रातून स्पष्टपणे करून दिली आहे. त्याच पत्नीने परदेशात एकटीने राहून, थंडी, आजार आणि परके अन्न सोसून, ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळविली. कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांची नेमणूक ठरली होती, पण रुजू होण्याआधीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वयाची बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. कृतज्ञता, धाक, आदर आणि स्वतंत्र बुद्धी हे सर्व एकाच मनात नांदत होते. त्यांपैकी एकच रंग घेऊन चित्र काढले तर ते खोटे ठरते. मीराताईंच्या आनंदीबाईंवरील ग्रंथाच्या इंग्रजी नावात स्त्रीवादाला जोडून 'खंडित' या अर्थाचा शब्द आहे, तो याच कारणाने अर्थपूर्ण वाटतो.

ही पत्रे आपल्यापर्यंत आली कशी, हेही पाहण्याजोगे आहे. आनंदीबाईंचे चरित्र पत्रांसह मराठीत लिहिले ते काशीबाई कानिटकर यांनी. या काशीबाई सांगली भागातील आष्ट्याच्या, जन्म १८६१ चा. लग्नानंतर सासरी, घरच्यांची थट्टा सोसत त्या वाचायला शिकल्या आणि पुढे मराठीतील पहिल्या महत्त्वाच्या गद्यलेखिका झाल्या. काशीबाईंचे आत्मचरित्र पुढे डॉ. सरोजिनी वैद्य यांनी संपादून प्रसिद्ध केले. मीराताईंनी २००८ मध्ये काशीबाईंवर इंग्रजी ग्रंथ लिहिला. मीराताईंचे निधन २०१५ मध्ये, योगायोगाने आनंदीबाईंच्या स्मृतिदिनीच, २६ फेब्रुवारीला पुण्यात झाले. त्यांचे आनंदीबाईंवरील लेखन त्यानंतर इतर अभ्यासकांनी सिद्ध करून प्रकाशात आणले. आनंदीबाईंना काशीबाईंनी जपले, काशीबाईंना सरोजिनीबाईंनी, दोघींना मीराताईंनी आणि मीराताईंच्या कामाला त्यांच्या मागून आलेल्यांनी. सव्वाशे वर्षांहून लांब अशी ही साखळी आहे. यांतील एक कडी जरी निखळली असती, तरी 'गोपाळरावांनी आनंदीला डॉक्टर केले' एवढे एकच वाक्य आपल्यापाशी उरले असते.

कादंबरी हाही दस्तऐवज

इतिहासाची साधने म्हणजे बखरी, सनदा आणि सरकारी दप्तर, अशी आपली समजूत असते. स्त्रियांच्या बाबतीत ही साधने तोकडी पडतात, कारण सनदा त्यांच्या नावे फारशा निघत नसत. १९०१ च्या जनगणनेत देशातील स्त्रियांपैकी शंभरात एक स्त्रीही साक्षर नव्हती. अशा समाजात जी लिहू शकली, तिने लिहिलेली कथा-कादंबरी हा इतिहासाचा दस्तऐवज ठरतो. घडले काय ते त्यात मिळेलच असे नाही, परंतु त्या काळी एखाद्या स्त्रीला काय खुपत होते आणि काय हवेसे वाटत होते ते मिळते. काशीबाईंनी 'पालखीचा गोंडा' या कादंबरीत स्त्रियांच्या हाती कारभार असलेले संस्थान कल्पिले. त्या काळी बहुतेक स्त्रियांना मतदानाचा हक्क ही दूरची गोष्ट होती. कल्पनेतले राज्यसुद्धा तेव्हा धाडसाचे होते.

स्वातंत्र्यपूर्व काळातील मराठी लेखिकांच्या कथात्म साहित्यावर मीराताईंचा ग्रंथ २०१२ मध्ये आला. १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह 'विभावरी शिरूरकर' या नावाने निघाला, तेव्हा महाराष्ट्रात खळबळ माजली. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, अविवाहित मुलींच्या मनाची घुसमट त्यात उघड मांडली होती. लेखिका मालतीबाई बेडेकर या स्वतः शिक्षिका होत्या. त्यांना टोपणनाव का घ्यावे लागले, या एका प्रश्नातच त्या दशकाचा सामाजिक इतिहास आहे. स्त्रीशिक्षण मान्य झाले होते, शिकलेल्या स्त्रीचे मत मान्य झाले नव्हते.

पुढे मीराताईंनी महात्मा गांधी आणि सासवडच्या आश्रमात कार्य करणाऱ्या प्रेमाताई कंटक यांच्या संबंधांवर लिहिले. मराठी रंगभूमी व चित्रपट यांवरील त्यांच्या ग्रंथाने बालगंधर्वांसारख्या स्त्रीभूमिका करणाऱ्या नटांपासून प्रत्यक्ष स्त्रिया रंगमंचावर व पडद्यावर येईपर्यंतचा काळ अभ्यासला. विषय बदलले तरी प्रश्न तोच राहिला : स्त्रीचे रूप कोण ठरवते, आणि ती स्वतः बोलू लागली म्हणजे काय बदलते?

ज्यांचा कागदच उरला नाही

या कार्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. कागद जपून ठेवण्याची ऐपत आणि सवय ज्या घरांत होती, त्या घरांतील स्त्रियांचेच शब्द अधिक उरले. मीराताईंच्या अभ्यासविषय झालेल्या बहुतेक लेखिका उच्चवर्णीय आहेत, त्यामागे हेही एक कारण आहे. परंतु इतर स्त्रिया बोलल्याच नाहीत असे मुळीच नाही. फुले यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मुलीचा मांग-महारांच्या दुःखावरील निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदया'त छापला गेला. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली. ती नंतर विस्मृतीत गेली आणि १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुनः प्रसिद्ध केली, तेव्हा कोठे मराठी वाचकांना आपल्याकडे असा ग्रंथ होता हे समजले. आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांचा शोध ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी घेतला. गावोगाव जाऊन, वृद्ध कार्यकर्त्या स्त्रियांशी बोलून त्यांनी १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक सिद्ध केले. कागद नसेल तेथे माणसाला विचारावे लागते, आणि ते माणूस हयात आहे तोवरच विचारावे लागते.

आपल्या हातातील दप्तर

आता आपल्याकडे वळतो. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांसाठी निम्म्या जागा राखीव आहेत. नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची ग्रामसभा घेण्याची तरतूद आहे. म्हणजे काशीबाईंनी कल्पनेत रंगविलेल्या कारभाराचा काही अंश आज प्रत्यक्षात आला आहे. परंतु या कारभाराचे दप्तर कसे लिहिले जाते? 'महिलांनी पाण्याच्या प्रश्नावर चर्चा केली. सर्वानुमते ठराव मंजूर.' सूचक कोण, अनुमोदक कोण, एवढे लिहिले की कार्यवृत्त पूर्ण झाले असे आपण मानतो. हंड्यासाठी किती अंतर चालावे लागते हे कोणी सांगितले, नळाची जागा बदलावी असे कोणी सुचविले, कोणी विरोध केला, याची नोंद नसते. शंभर वर्षांनी एखादी अभ्यासक ते पुस्तक उघडील तेव्हा तिला सह्या आणि अंगठे दिसतील, शब्द दिसणार नाहीत. रखमाबाईंच्या काळी शब्द नोंदवावयास कोणी बांधलेले नव्हते. आपल्याकडे लेखनिक आहे, पुस्तक आहे आणि तरतूदही आहे.

यासाठी वेगळ्या अनुदानाची गरज नाही. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी स्त्री सदस्याचे म्हणणे तिच्या नावानिशी, शक्यतो तिच्याच भाषेत, दोन ओळींत लिहावे. सरपंचबाईंनी कार्यवृत्त वाचून घेतल्यावरच सही करावी, आणि आपले म्हणणे त्यात नसेल तर ते घालावयास लावावे. शाळेची जुनी नोंदपुस्तके रद्दीत घालण्यापूर्वी मुख्याध्यापकांनी विचार करावा. गावातील पहिली मुलगी शाळेत कोणत्या वर्षी आली आणि तिने शाळा कितव्या इयत्तेत सोडली, हे दुसऱ्या कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. सार्वजनिक वाचनालयांनी गावातील वृद्ध शिक्षिका, सुईणी, दूध संस्थांतील कार्यकर्त्या, शेतमजूर स्त्रिया यांच्या आठवणी लिहवून ठेवाव्यात. इयत्ता आठवी-नववीच्या मुलामुलींना हे काम देता येईल. आजीच्या तोंडून ऐकून उतरविलेली दहा पाने ही इतिहासाच्या धड्याची उत्तम पुरवणी होय. १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत शासकीय कागदपत्रांत आईचे नाव लावण्याचा निर्णय राज्याने घेतला, तो स्वागतार्हच आहे. दप्तरात आईचे नाव आले, तसे तिचे म्हणणेही आले पाहिजे.

बंधुभगिनींनो, मीराताईंनी सिद्धांत पुष्कळ मांडले असतील, परंतु त्यांच्या कामाचा गाभा साधा होता. जिच्याविषयी बोलायचे, तिने काय म्हटले आहे ते आधी वाचायचे. शिक्षकाने धडा शिकविताना, अधिकाऱ्याने अहवाल लिहिताना, सदस्याने ठराव मांडताना एवढा एक नियम पाळला, तरी आपल्या पुढच्या पिढ्यांना आपला इतिहास अर्धाच मिळाला अशी तक्रार करावी लागणार नाही.